बहिणीबद्दल अभिनंदन

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, कोरी आत आली आणि हेरंबच्या हातातल्या ट्युलिपच्या जुडीकडे बघून तिने विचारलं, "आज कुणाकडे स्वारी?" कोरी त्याची खालच्या मजल्यावरची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, विधवा, जिभेला हाड नसलेली. जानेवारीतला शनिवार, सकाळचे अकरा, उट्रेख्टमध्ये उजाडून न उजाडल्यासारखं. हेरंब बेसावध होता. "बहिणीचा वाढदिवस आहे," तो म्हणून गेला, आणि दार मिटता मिटता त्याच्या ध्यानात आलं की हा शब्द आपण स्वतःच्या माणसासाठी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वापरला. कोरीने हातमोजा काढला, त्याचा हात धरून जोरात हलवला आणि म्हणाली, "बहिणीबद्दल अभिनंदन." ह्या डच लोकांत असंच असतं. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या गोतावळ्याचं: नवऱ्याबद्दल अभिनंदन, सासूबद्दल अभिनंदन, भाच्याबद्दल, जावयाबद्दल. एकोणीस वर्षांत हेरंबने हे वाक्य शेकडो जणांना ऐकवलं होतं, पण उलट त्याला ते म्हणायची पाळी कुणावर आली नव्हती, कारण तो एकुलता एक. चव्वेचाळीस वर्षं एकुलता एक असण्याची एक सवय होऊन जाते. माणूस घरात शिरताना मागे वळून बघत नाही, मागून कुणी यायचं नसतंच. लिफ्ट तळाला पोचली. "तुला बहीण आहे हे कधी बोलला नाहीस," कोरी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता सायकलींच्या खोलीकडे वळली. हेरंब स्टेशनकडे चालू लागला.

उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत त्याला खिडकी मिळाली, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कुरणं, पाण्याचे चर, धुक्यात अर्ध्या दिसणाऱ्या गाई. फुलं मांडीवर आडवी धरून तो मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं. हे सगळं सुरू झालं ते ऑफिसातल्या एका खुळापायी. गेल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की सगळ्यांनी नळीत थुंकी भरून पाठवायची आणि आपण मूळचे कुठले ते बघायचं. बाकीच्यांना दोन टक्के नॉर्वे, चार टक्के आयर्लंड असली खेळणी मिळाली. हेरंबच्या निकालात खाली एक ओळ होती: आईच्या बाजूने बहीण, राहणार फ्रीसलँड, म्हणजे ह्याच देशाच्या उत्तरेला. त्याने ती ओळ तीन दिवस कुणाला दाखवली नाही. मग त्या बहिणीचाच निरोप आला, दोन ओळींचा, आढेवेढे नसलेला. नोव्हेंबरमध्ये दोघं झ्वोलेच्या स्टेशनातल्या उपाहारगृहात भेटले, तिला अर्ध्या वाटेवर, त्याला अर्ध्या वाटेवर. वित्स्के तिचं नाव. काळीसावळी, आखूड कापलेले करडे केस, हाताची पकड मजबूत. गावोगाव सायकलवरून फिरून म्हाताऱ्यांच्या जखमा बांधणारी नर्स. ती पाच महिन्यांची असताना नाशिकजवळच्या एका आश्रमातून तिला दत्तक घेऊन इकडे आणलं होतं. तिने टेबलावर एक पिवळा पडलेला कागद ठेवला. आईचं नाव इंदुमती, वय एकोणीस, अविवाहित. बापाच्या रकान्यात रेघ. हेरंबने स्वतःच्या आईचं नाव दोनदा वाचलं. वित्स्केने तिथे रडारड केली नाही की मिठी मारली नाही. ती म्हणाली, "मला तिच्याकडून काही नको. एकदा बघायचंय फक्त. तिला मला बघायचंय का, एवढं विचारशील?" विचारीन, तो म्हणाला. ते म्हणणं सोपं होतं, तेव्हा आई सात हजार किलोमीटर लांब होती.

डिसेंबरात तो नाशिकला गेला. पंधरा दिवसांपैकी अकरा दिवस त्याने तोंडात मिठाची गुळणी धरून काढले. बाराव्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती, गुडघ्यांमुळे आता खाली बसत नाही ती, पण मटार सोलायला बसते. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, घरात तिसरं कुणी नाही. तो समोर बसला, चार शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं. आईचे हात थांबले नाहीत. हेच त्याला पुढे झोपू देईना, की हात थांबले नाहीत; शेंग दाबायची, अंगठा फिरवायचा, दाणे ताटात, टरफल डावीकडे. तिने विचारलं नाही की ती कुठे असते, कशी दिसते, तिला मुलंबाळं आहेत का. ताट भरल्यावर तिने नकार दिला, एका वाक्यात, अगदी थंडपणे, आणि पदराला हात पुसून उठताना म्हणाली, "उसळ करू का भात?" त्याने भात म्हटलं. त्या वाक्याबद्दल दोघं पुन्हा बोलले नाहीत. विमानतळावर निघताना तिने त्याच्या हातावर दही घातलं तेव्हा तिची बोटं गार होती. परत आल्याला आता अकरा दिवस झाले होते. वित्स्केचा निरोप पहिल्याच दिवशी आला होता: पोचलास का, विचारलंस का, काय म्हणाली. त्याने कळवलं, भेटीत सांगतो, वाढदिवसाला येतोच आहे. पाठवल्यावर त्याला कळलं की आपण माती खाल्ली. आपल्याकडे 'भेटीत सांगतो' म्हटलं की समोरचा ओळखतो, मन घट्ट करून ठेवतो. इथली माणसं वाईट बातमी तीन ओळींत पाठवून मोकळी होतात. राखून ठेवतात ती फक्त चांगली.

स्टेशनवर वित्स्केचा नवरा शूर्ड घ्यायला आला होता. साडेसहा फुटी, कमी बोलणारा, गाडीत मेंढ्यांचा आणि ओल्या पेंढ्याचा वास. "वित्स्केबद्दल अभिनंदन," हेरंब म्हणाला. "तुझंही बहिणीबद्दल," शूर्ड म्हणाला आणि त्याने गाडी रस्त्याला लावली. मग गाव आलं, एकच रस्ता, कडेला कालवा, आणि घरासमोरच्या हिरवळीवर हेरंबला आई बसलेली दिसली. म्हणजे एका क्षणाला दिसली. लाकडी खुर्चीत एक म्हातारी, डोक्यावर पांढरा अंबाडा, अंगावर लाल काठाची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हात मांडीवर. शूर्डने गाडी तिच्या शेजारीच लावली. पेंढा भरलेली बाहुली होती ती. बाई पन्नाशीची झाली की गावकरी तिच्या दारात अशी म्हातारी बसवतात, तिला सारा म्हणतात, वरून पाटी लावतात, येणारेजाणारे भोंगे वाजवतात. हेरंबने अशा डझनभर तरी साऱ्या बघितल्या होत्या, ॲप्रन घातलेल्या, हातात लाटणी घेतलेल्या. साडीतली पहिलीच. थंडीने पेंढा आक्रसून तिची मान जराशी खाली गेली होती, जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी. "शेजारच्या टीनकेने केलीय," शूर्ड म्हणाला. "रात्रभर शिवत होती." हेरंबला उतरायचं होतं पण पट्ट्याचं बटण सापडेना.

आत बैठकीच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या, त्यावर सोळा-सतरा माणसं, मध्ये रिकामी जागा. उजवीकडून सुरुवात करायची आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत फिरायचं. तो फिरला. आधी वित्स्केची आई बाउक्ये, चौऱ्याऐंशी वर्षांची, ताठ, डोळे निळे आणि कोरडे. जिने वित्स्केला वाढवलं ती ही. मग वित्स्केचे दोन उंच मुलगे, मग चुलते योहानेस, मग टीनके, मग गावकरी. शूर्डने दारातून जाहीर केलं, "हा वित्स्केचा भाऊ," आणि गोलातून उलट अभिनंदनं सुरू झाली. बहिणीबद्दल अभिनंदन. बहिणीबद्दल. हेर्मन, बहिणीबद्दल. गावाने पाच मिनिटांत त्याचा हेर्मन करून टाकला होता. प्रत्येक हाताबरोबर त्याला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी नावाचं पार्सल सही करून घेतोय. वित्स्केने फुलं घेतली, त्याच्या गालांना तीनदा गाल लावले आणि कानाशी हळूच विचारलं, "नंतर सांगशील?" ती निळ्या स्वेटरमध्ये होती, गालांवर लाली होती, आणि तिला आनंद लपवता येत नव्हता. त्याने मान हलवली. वाढदिवसाची ही तारीख खरी आहे की आश्रमातल्या कुणी अंदाजाने लिहिलीय हे जगात एकाच बाईला माहीत होतं, आणि हेरंबने तेही विचारलं नव्हतं.

कॉफी आली, बरोबर गुलाबी साखरेचा थर दिलेला संत्र्याच्या सालीचा केक, प्रत्येकी एक तुकडा. टीनके त्याच्याकडे वाकून म्हणाली, "साडी मी इंटरनेटवर बघून नेसवली. बरोबर आहे ना?" पदर उजव्या खांद्यावरून गेला होता, निऱ्या पाठीमागे होत्या. "फार छान," हेरंब म्हणाला. "चुकलं असेल तर सांग हं, मला राग नाही येत," टीनके म्हणाली. "नाही नाही, अगदी बरोबर." टीनकेने समोरच्या बाईला विजयी मुद्रेने खूण केली. एवढीशी गोष्ट. एकोणीस वर्षं राहूनही ही एक खोड त्याची सुटली नव्हती. पदर डाव्या खांद्यावरून घेतात, एवढं म्हणायला काय पडत होतं? कुणी त्याला सुळावर चढवलं नसतं. त्याच्या घरात खरं बोलण्याला उद्धटपणा म्हणत. वडील गेले तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि आत येऊन त्याने वडिलांना सांगितलं, सोमवारी घरी सोडतायत. वडील हसले होते, त्यांना माहीत होतं, आणि आपण हसलो की ह्याला बरं वाटेल म्हणूनच ते हसले होते. घराला ह्यात प्रेम दिसायचं. हेरंबलाही दिसायचं, इतकी वर्षं.

मग बिअर, सुकं सॉसेज आणि चीज. चीजचा तुकडा त्याने नुसता तोंडात टाकला आणि जिभेवर जिरं आलं, मागोमाग लवंग. फ्रीसलँडचं चीज, तीनशे वर्षं ही माणसं त्यात जिरं-लवंग घालत आलीत, त्यात नवल नव्हतं, उट्रेख्टच्या दुकानातही मिळतं. पण तो दुकानातून ते कधी घेत नसे, आणि इथे ह्या गोलात बसून ते चावताना त्याला मसालेभाताची फोडणी आठवेना, काहीच आठवेना. त्याने दुसरा तुकडा घेतला. चुलते योहानेस बराच वेळ त्याला न्याहाळत होते. ते वित्स्केच्या वडिलांचे धाकटे भाऊ, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलणारे. "नाक तेच आहे," ते सगळ्या खोलीला म्हणाले. "वित्स्के, बघ, नाक तेच." मग त्याच आवाजात, मोहरीत सॉसेज बुडवत त्यांनी विचारलं, "मग हेर्मन? काय म्हणाली तुझी आई? येऊ दे म्हणाली का पोरीला?"

वाईट हेतू कुणाचाच नव्हता; सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि एकाने विचारलं. वित्स्केने कप खाली ठेवला. ती हसत होती, पण तिची मान ताठ झाली होती, सुई टोचायच्या आधी माणसं धरतात तशी. सतरा माणसं. हेरंबला वाटलं, सांगावं. नाही म्हणाली, एवढंच. तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तुपात घोळून ठेवलेलं होतं. "आईने आशीर्वाद सांगितलेत," तो म्हणाला. "तिचे गुडघे फार दुखतात. आणि वय झालंय, मनाची तयारी व्हायला हवी. तिला जरा वेळ हवाय. बघू." नाशिकमध्ये कुठल्याही दिवाणखान्यात एवढं पुरे झालं असतं. 'वेळ हवाय'लाच समोरच्याने ओळखलं असतं, 'बघू'ला कुणीतरी चहाचं विचारलं असतं, आणि विषय कायमचा मिटला असता, कुणाच्या अब्रूला धक्का न लागता. इथे वित्स्केच्या डोळ्यांत पाणी आलं. "आशीर्वाद दिला तिने?" ती म्हणाली. "वेळ म्हणजे किती?" योहानेसनी विचारलं. "सहा आठवडे? दोन महिने?" शूर्ड उठला, त्याने भिंतीवरून कॅलेंडर काढलं आणि गुडघ्यावर उघडलं. "मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा मला हलता येणार नाही. मे चालेल?" "मेमध्ये तिकडे उकाडा असतो ना?" टीनके म्हणाली. "उकाडा चालेल मला," वित्स्के म्हणाली. धाकटा मुलगा फोनवर विमानं बघायला लागला. "आठ मे, शुक्रवार," तो म्हणाला, "तेव्हा गुडघेही बरे असतील." सगळ्यांच्या माना हेरंबकडे वळल्या. सतरा चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता आणि तो तारखेचा होता. "बघू," हेरंब पुन्हा म्हणाला. शूर्डने कानामागची पेन्सिल काढून आठ मेच्या चौकोनात लिहिलं, भारत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वित्स्के पलीकडून येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि त्याला तो सोडवून घेता येईना.

अर्ध्या तासाने बाउक्येने त्याला स्वयंपाकघरातून हाक मारली. "हेरंब, इकडे ये, ब्रेड कापायला हात हवाय मला." घरात त्याचं नाव नीट घेणाऱ्या दोघीच, ही आणि वित्स्के. गॅसवर मोठ्या पातेल्यात सुक्या वाटाण्याचं सूप रटरटत होतं, घट्ट, हिरवट, वर डुकराच्या पायाची चरबी तरंगत होती. "दार लाव," बाउक्ये म्हणाली. त्याने लावलं. तिने डावात सूप घेऊन त्याच्यापुढे धरलं. "चव बघ." त्याने फुंकर घालून घेतलं. जड, खारट, धुराचा वास असलेलं, जीभ भाजली. "मीठ?" "बरोबर आहे." "बरोबर आहे की मला बरं वाटावं म्हणून बरोबर आहे?"

बाउक्येने त्याच्यासमोर काळ्या ब्रेडची वडी आणि सुरी ठेवली. "ती नाही म्हणाली ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अरे, मी म्हातारी आहे, आंधळी नाही. चांगली बातमी आणणारा माणूस दारातच बूट काढायच्या आधी सांगतो. तू केक खाल्लास, चीज खाल्लंस, वर दुसऱ्यांदा चीज घेतलंस."

त्याने सुरी हातात घेतली. "तिला सगळ्यांसमोर कसं सांगायचं होतं? आणि आज."

"सगळ्यांसमोर नको. पण आज सांग. वाढदिवस दरवर्षी येतो. तिकडे पोरगा तिकिटं काढायला बसलाय."

"मी उट्रेख्टला गेल्यावर फोन करतो. नीट समजावून सांगतो."

"काय समजावणार? गुडघे?" बाउक्येने पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि ती त्याच्याकडे वळली. "ऐक. तू म्हणालास तिला वेळ हवाय, आणि मला कळलं, आणि मला आनंद झाला. समजलं का? माझ्या पोरीला तिच्या आईने नको म्हटलं आणि मला बसल्या जागी आनंद झाला. पन्नास वर्षं मी ह्या एका दिवसाला भीत आलेय. टपालवाला आला तरी भ्यायचे. म्हणून मी नाही सांगू शकत तिला. मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल, आणि तिला दिसेल ते." तिने डाव पातेल्याच्या काठावर आडवा ठेवला. तिचा हात स्थिर होता पण गळ्याखालची कातडी हलत होती. "तू नाही सांगितलंस तर मग मलाच सांगावं लागेल. जेवणाआधी. तेवढी वेळ आणू नकोस माझ्यावर."

हेरंब ब्रेड कापत राहिला. एक काप जाड, एक पातळ. ही बाई जे बोलली ते ऐकून त्याला धक्का बसायला हवा होता, आणि त्याला बसला तो वेगळाच. त्या दुपारी, मटारांच्या ताटासमोर, आईने ते वाक्य म्हटलं तेव्हा तो हादरला होता, त्याला वाईट वाटलं होतं, वित्स्केची कणव आली होती, हे सगळं खरं. तेव्हापासून तो स्वतःला एवढंच सांगत आला होता. पण त्याच्याही आधी, सगळ्याच्या आधी, एक क्षण, अंगभर ऊब पसरली होती. आपण राहिलो. आपली जागा कुणी घेतली नाही. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, टक्कल पडू लागलेलं, आणि आईच्या स्वयंपाकघरात बसून त्याला लहान पोरासारखं जिंकल्यासारखं वाटलं होतं. म्हणूनच त्याने भात म्हटलं. म्हणूनच पुढे एकदाही विषय काढला नाही, आईचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही, तारीख विचारली नाही. आईचे हात थांबले नाहीत म्हणून झोप लागत नाही हे त्याने स्वतःला दिलेलं कारण होतं. फोनवर समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा हेच, दुरून, मऊ आवाजात, स्वतः चांगलं राहून. त्याला स्वतःची किळस आली. "कुठे आहे ती?" त्याने विचारलं. "मागे गोठ्यात. मेंढ्यांना बघायला गेलीय. कोट घालून जा," बाउक्ये म्हणाली, आणि त्याने कापलेले काप तिने एकेक करून ताटात लावायला घेतले.

अंगणात अंधारून आलं होतं, पायाखालचा चिखल गोठून कडक झाला होता. गोठ्यात पिवळा दिवा होता आणि वित्स्के कुंपणाशी उभी राहून एका गाभण मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने वळून बघितलं आणि हसली. "ही तिळी देणार. मेपर्यंत पोरं मोठी होतील, शूर्डला त्यांना सोडून यायला हरकत नाही." तिच्या स्वेटरला पेंढा लागला होता. हेरंबला कळलं की आता एक सेकंद जरी थांबलो तर आपण पुन्हा गुडघ्यांबद्दल बोलू.

"आई नाही म्हणाली," तो म्हणाला. "तिला तुला भेटायचं नाही. आशीर्वाद मी बनवला. गुडघे दुखतात ते खरं आहे, पण त्याचा संबंध नाही. आठ मेला यायचं नाही. कधीच नाही."

मेंढी दोन पावलं सरकली. वित्स्केचा हात हवेत तसाच राहिला, मग तिने तो कुंपणाच्या फळीवर ठेवला. घरातून योहानेसचा मोठा आवाज आणि मागोमाग हशा ऐकू आला. "सगळ्यांसमोर," ती शेवटी म्हणाली. "कॅलेंडर उघडेपर्यंत तू बसून राहिलास."

"हो."

"का?"

"घाबरलो. आणि..." त्याला पुढचं म्हणायचं नव्हतं. "आणि ती नाही म्हणाली तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. म्हणून तोंड नव्हतं मला."

तिने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पण तिने तो वापरला नाही, नंतर वापरेल म्हणून बाजूला ठेवला असावा. स्वेटरच्या बाहीने तिने नाक पुसलं. "काय म्हणाली नक्की?"

"म्हणाली की भेटायचं नाही..."

"तसं नको. मी रोज लोकांच्या घरात जाऊन वाईट बातम्या सांगते हेरंब, थोडक्यात सांगून मी कुणाची बोळवण करत नाही. तिने काय शब्द वापरले ते सांग. तिच्या भाषेत."

"वित्स्के, कशाला?"

"तिने माझ्याबद्दल एकदाच काहीतरी म्हटलंय. ते मला हवंय."

हेरंबने कोटाची कॉलर वर केली. गोठ्यात थंडी नव्हती तितकी. "मला एकच मूल आहे," तो मराठीत म्हणाला.

तिने पुन्हा म्हणायला लावलं. मग डाव्या हाताची चार बोटं उघडून तिने एकेका शब्दाचा अर्थ विचारला, आणि तो सांगत गेला, मला, एकच, मूल, आहे. एकेक बोट ती मिटत गेली. मिटलेल्या मुठीकडे ती क्षणभर बघत राहिली. "ह्यात 'नाही' कुठला?" तिने विचारलं. "ह्यात 'नाही' कुठेच नाही," तो म्हणाला. तिने मान हलवली, रुग्णाने दुखतं कुठे ते दाखवल्यावर हलवावी तशी. मग तिने ते म्हणून बघितलं. पहिल्यांदा सगळे शब्द एकमेकांत अडकले, फ्रीसलँडच्या जिभेने ल लांबवला. "मूऽ," हेरंब म्हणाला, "ऊ लांब, ल तिथेच सोडायचा." आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. जिला त्या वाक्याने पुसून टाकलं होतं तिच्याकडूनच तो त्या वाक्याची उजळणी करून घेत होता, आणि थांबता येत नव्हतं, कारण ती थांबत नव्हती. दुसऱ्यांदा बरंच जमलं. तिने श्वास घेतला, फळी दोन्ही हातांनी धरली आणि मेंढीकडे बघत, घाई न करता, तिसऱ्यांदा म्हणाली, "मला एकच मूल आहे." आणि गोठ्यात आईचा आवाज आला. नकलेसारखा नाही, आईसारखा नाही, आईचाच. 'एकच'वर किंचित दाबलेला, शेवटी खाली उतरलेला, थंड, थकलेला. डच बोलताना पन्नास वर्षं घशात कुठे लपून राहिला होता कोण जाणे. हेरंबचा हात आपोआप फळीकडे गेला.

वित्स्केने त्याच्याकडे वळून बघितलं. "चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आलं."